पिशवी वाहणाऱ्याने काठी कशी धरावी?



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा ठरावीक विषयांची असतात. जातवैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अडलेला अर्ज, बचत गटाचा हिशेब, पोलीस भरती. या वेळी मात्र तिरोडा तालुक्यातील एका युवकाचे पत्र आले आणि ते वाचून आम्ही जरा थबकलो. हा युवक दोन वर्षांपासून पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून काम करतो. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारा माणूस. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येऊन तो तसाच पुढे गावी आला आहे आणि धानाची कापणी होईपर्यंत राहणार आहे. येताना त्याने एक जुनी लोखंडी काठी सोबत आणली. एका वयस्क सभासदाने ती त्याला अशीच देऊन टाकली होती.

तो लिहितो, "आम्हाला सुटीच्या दिवशी थोडे खेळू देतात. माझा चेंडू सरळ निघतच नाही, दरवेळी उजवीकडे वळतो. मोबाइलवर शिकवणारे पन्नास जण आहेत. एक सांगतो डोके हलवू नको, दुसरा सांगतो खांदे फिरव, तिसरा सांगतो फक्त कमरेकडे लक्ष दे. बाजारात सरावाची साधने मिळतात, पण त्यांच्या किमती माझ्या पगाराच्या बाहेर. सर, मी कोणाचे ऐकू? आणि गावात सगळे हसतात की हे काय आपले खेळ आहेत का?"

या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला काठीचा आहे, दुसरा हसणाऱ्यांचा. आम्ही गोल्फ खेळलेलो नाही आणि खेळण्याचा संभवही नाही. परंतु आमच्या विहारात नियमित येणारे महार रेजिमेंटचे एक निवृत्त हवालदार आहेत. छावणीतील गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडे काही वर्षे होती, आणि साहेब लोक नसताना त्यांनी स्वतःही पुष्कळ चेंडू मारले. पत्र घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. दोन संध्याकाळी बसून, काही पुस्तके चाळून, जे हाती आले ते येथे देत आहोत.

आधी हसणाऱ्यांविषयी. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, यात वाद नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. त्या काळापासून या खेळाला एकरांनी जमीन लागते, हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागते, आणि सभासदत्वाची फी ऐकून आमच्यासारख्या कारकुनाला घाम फुटतो. गंमत अशी की या खेळात काठीलाही क्लब म्हणतात आणि संस्थेलाही क्लबच म्हणतात. पहिला क्लब हाती आला म्हणून दुसरा हाती येत नाही. तेव्हा आम्ही या खेळाचे वकीलपत्र घेतलेले नाही. पण आमचा मुलगा रोज आठ तास त्या मैदानावर उभा असेल, दुसऱ्याची पिशवी वाहत असेल, आणि त्याला वाटले की ही काठी आपणही नीट मारून पाहावी, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? जो ग्रंथ दुसऱ्याने वाचायचा आणि आपण फक्त ऐकायचाही नाही, अशी व्यवस्था आपण पाहिलेली आहे. नुसता भार वाहण्याचा हक्क आपल्याला कोणी कधी नाकारला नाही.

आणि या खेळात पिशवी वाहणाऱ्यांनीच पुष्कळदा बाजी मारलेली आहे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. त्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी हे हौशी खेळाडू जिंकले होते, पण पोटासाठी खेळणाऱ्यांत पहिला मान कॅडीला मिळाला. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्त्यांमध्ये कॅडी मुले लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत खेळतात. पत्र्याच्या भिंतींमधून चेंडू काढायचा म्हणजे नेम किती पक्का लागत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

परंतु आमच्या युवकाने सर्वप्रथम ज्याची गोष्ट ऐकावी असा माणूस दक्षिण आफ्रिकेतला आहे. त्यांचे नाव सेवसुंकर सेवगोलम, लोक त्यांना पापवा म्हणत. भारतातून १८६० पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जी माणसे नेटाल प्रांतात नेली गेली, त्या भारतीय वस्तीत, डर्बन शहरी, ते वाढले. घरी अठरा विश्वे दारिद्र्य. शाळा नाही, लिहिता-वाचता येत नव्हते. लहानपणीच कॅडीचे काम पत्करले. झाडाच्या फांदीची काठी करून ते सराव करीत. शिकवणारा कोणी नसल्यामुळे त्यांनी काठी उलटी धरली. उजव्या हाताने खेळणारा माणूस डावा हात वर आणि उजवा हात खाली ठेवतो. पापवांनी उजवा वर आणि डावा खाली ठेवला. साऱ्या जगातील गोल्फ शिक्षक ज्या पकडीला चूक म्हणतात, त्या पकडीने त्यांचा चेंडू सरळ जात असे.

गोऱ्या मालकांपैकी एकाला, ग्रॅहॅम वुल्फ यांना, या माणसाची किंमत कळली आणि त्यांनी त्यांना युरोपात नेले. १९५९ मध्ये पापवांनी डच ओपन जिंकली. १९६० मध्ये पुन्हा, १९६४ मध्ये तिसऱ्यांदा. मायदेशी मात्र वर्णभेदाचा कायदा. १९६३ मध्ये त्यांनी नेटाल ओपन जिंकली तेव्हा पाऊस पडत होता. क्लबच्या इमारतीत गोऱ्यांशिवाय कोणाला प्रवेश नव्हता. म्हणून विजेत्याला बक्षीस बाहेर पावसात देण्यात आले आणि हरलेले आत कोरडे होते. तो फोटो जगभर छापला गेला व दक्षिण आफ्रिकेची नाचक्की झाली. १९६५ मध्ये त्यांनी हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, आणि या वेळी मागे राहिले ते गॅरी प्लेअर, त्या देशाचे जगप्रसिद्ध खेळाडू. त्यानंतर सरकारने पापवांना गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजे बंद केले. १९७८ मध्ये ते गेले. आज डर्बनमध्ये एका गोल्फ मैदानाला त्यांचे नाव आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घरी सांगितला जातो, त्यांना त्या पावसाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेतही हेच. तेथील व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत सभासद गोरा असावा असे कलमच होते. ते १९६१ मध्ये निघाले. चार्ली सिफर्ड हे नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मुलगे लहानपणी कॅडी होते. कलम निघाले तेव्हा त्यांची उमेदीची वर्षे सरत आली होती, तरी १९६७ मध्ये त्यांनी हार्टफर्डची स्पर्धा जिंकून दाखविली. ऑगस्टा येथे मास्टर्स ही मोठी स्पर्धा भरते. तेथे १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूला त्या क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. पण कृष्णवर्णीय खेळाडू तेथे प्रथम खेळला १९७५ मध्ये, ली एल्डर. आणि पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला गेला १९९० मध्ये. पिशवी उचलायला चालतो, बसायला चालत नाही. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी अमेरिकेतील चळवळीचे नाव घेऊन पँथर उभी केली, ती उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना आवडेल. गोल्फचा पहिला फटका मारताना चेंडू ज्या छोट्या लाकडी खुंटीवर ठेवतात तिला टी म्हणतात. पूर्वी त्यासाठी ओल्या वाळूची ढेकळी करावी लागे आणि हात चिखलाने भरत. लाकडी खुंटीचे अमेरिकन पेटंट १८९९ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रँट यांनी घेतले. ते दंतवैद्य होते, हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत, आणि त्यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. त्यांनी या खुंटीतून पैसा केला नाही, मित्रांना वाटून टाकल्या. आज जगातला प्रत्येक श्रीमंत खेळाडू खाली वाकून ती खुंटी जमिनीत रोवतो.

आता काठीकडे वळू. हवालदार साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोराचा चेंडू सुरुवातीपासून उजवीकडे जातो की आधी डावीकडे निघून मग विळ्यासारखा उजवीकडे वळतो?" पत्रात वळतो असे लिहिले आहे, म्हणजे दुसरा प्रकार. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांपैकी बहुतेकांना हाच रोग असतो. कारण एकच. काठी बाहेरून अंगाकडे अशी तिरपी येते आणि त्या क्षणी काठीचे तोंड त्या वाटेच्या मानाने उघडे, उजवीकडे पाहत असते. मग चेंडू स्वतःभोवती गिरक्या घेत वळतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस आणखी डावीकडे मारू लागतो, तशी काठी आणखी तिरपी येते आणि चेंडू आणखी वळतो.

पहिली गोष्ट पकड. काठी तळहातात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी आवळून धरायची नाही, बोटांच्या मुळाशी धरायची. वरून पाहिले तर डाव्या हाताच्या दोन, फार तर तीन बोटांची हाडे दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर काठीचे तोंड उघडे राहणारच. किती घट्ट धरावी, हे मात्र आम्हाला हवालदार साहेबांपेक्षा तथागतांच्या एका उपदेशात अधिक स्पष्ट सापडले. सोण नावाचा भिक्खू नको इतका प्रयत्न करीत होता. चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय, आणि फार सैल सोडल्या तर वाजते काय? दोन्हींना तो नाही म्हणाला. मग प्रयत्नही तसाच सम राखावा, असे त्यांनी सांगितले. काठी धरण्याचेही हेच आहे. आवळली की मनगटे आखडतात आणि काठीचे तोंड वेळेवर मिटत नाही. ढिली सोडली की वरच्या टोकाला ती हातातल्या हातात फिरते.

दुसरी गोष्ट क्रमाची. मोबाइलवरचे पन्नास शिक्षक वेगवेगळे बोलतात असे वाटते, कारण प्रत्येक जण एकाच क्रियेचा वेगवेगळा तुकडा दाखवतो. धानावर बसलेली पाखरे हाकलायला ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला हा क्रम आधीच ठाऊक आहे. आधी पाय रोवले जातात, मग कंबर वळते, मग खांदा, मग हात, आणि दोरी सर्वांत शेवटी सुटते. हाताने सुरुवात केली तर दगड पायाशी पडतो. गोल्फची काठी मागे नेताना वजन मागच्या पायावर जाते; खाली आणताना आधी पुढच्या पायावर वजन आणि कंबर, मग बाकीचे. ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो तो जवळजवळ नेहमी हात आणि खांदा आधी टाकतो. गावातील एखाद्या म्हाताऱ्याला गोफण फिरवायला लावून त्याच्या कमरेकडे पाहत बसावे. पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट साधनांची. बाजारातील साधने काय करतात ते समजले तर घरची साधने सुचतात. मैदानावर निशाण्यासाठी रंगीत काड्या विकतात. आपण बांबूच्या दोन सरळ कामट्या घ्याव्यात. एक चेंडूपासून लक्ष्याच्या दिशेने, दुसरी तिला समांतर पायांच्या बोटांपाशी. पुष्कळदा स्विंग चुकलेला नसतो, उभे राहणेच चुकलेले असते, आणि माणूस महिनोन् महिने हाताला दोष देत राहतो. हात अंगापासून सुटू नयेत म्हणून एक पट्टा विकतात. आपला सुती दुपट्टा छातीवरून आडवा घेऊन त्याची दोन टोके दोन्ही काखांत धरावीत आणि अर्धेच स्विंग करावेत. दुपट्टा पडला की समजावे, हात एकटेच पळाले. पूर्ण स्विंगसाठी हा उपाय नाही, एवढे लक्षात ठेवावे.

सर्वांत उपयोगी साधन आमच्या जिल्ह्यात राइस मिलच्या दारात पडलेले असते. बाजारात फटक्याच्या क्षणी हात कोठे असावेत हे शिकवण्यासाठी एक जाड पिशवी मिळते. आपण फाटका बारदाना घ्यावा, त्यात तणस आणि जुन्या चिंध्या गच्च भराव्यात आणि तोंड शिवून टाकावे. चेंडूच्या जागी तो ठेवून काठी हळू, अगदी हळू, त्यावर आणून थांबवावी. थांबल्यावर स्वतःला पाहावे. हात काठीच्या डोक्याच्या थोडे पुढे आहेत काय? वजन पुढच्या पायावर आले काय? काठीचे तोंड लक्ष्याकडे सरळ आहे काय? हवालदार साहेब म्हणाले की छावणीत त्यांनी साहेबांच्या पाठीमागे असाच एक बारदाना आठ महिने झोडपला आणि मग कोठे त्यांना कळले की आपण आजवर फटका मारत नव्हतो, नुसता ढकलत होतो. जोराने मारू नये, मनगट दुखावते.

वैनगंगेची रेती तर या कामासाठीच ठेवल्यासारखी आहे. ओलसर रेतीवर बोटाने एक सरळ रेघ ओढावी. चेंडू ठेवायचा नाही. रेघेवर चेंडू आहे असे समजून काठी फिरवावी आणि रेतीत खूण कोठे उमटते ते पाहावे. खूण रेघेपासून सुरू होऊन लक्ष्याच्या बाजूला गेली तर ठीक. रेघेच्या मागे उमटली तर वजन मागच्याच पायावर राहिले. आणि खूण सरळ न जाता तिरपी, डावीकडे ओढलेली दिसली, तर चेंडू का वळतो याचा पुरावा आपल्यासमोर लेखी आला. धान कापलेल्या बांधीत हा प्रयोग करू नये. तेथील माती वाळून दगड होते, धसकटे असतात, आणि काठी अडकली की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात.

लय साधण्यासाठी अंगणातला लांब दांड्याचा खराटा पुरे. खराटा हवेला अडतो, त्यामुळे घाई करताच येत नाही. मोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती मोजून पाहणाऱ्यांना आढळले आहे की काठी मागे नेण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात ती खाली चेंडूपर्यंत येते. मोठा फटका असो की लहान, हे प्रमाण फारसे बदलत नाही. म्हणजे मागे जाताना एक-दोन-तीन आणि खाली येताना एक. तोंडाने मोजावे, लाज बाळगू नये.

वस्तीत खरा चेंडू वापरू नये, हे मात्र आम्ही बजावून सांगतो. तो चेंडू पंचेचाळीस-शेहेचाळीस ग्रॅमचाच असतो, पण दगडासारखा कठीण. अंगणात पोरेबाळे असतात, आयाबाया पाणी भरायला जातात. भोकाचा हलका प्लॅस्टिक चेंडू घ्यावा किंवा चिंध्यांचा करावा. चेंबूरच्या मुलांनाही ती अक्कल आहे.

आता सल्ला देणाऱ्यांविषयी. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना हीच अडचण सांगितली होती. येणारा प्रत्येक जण आपलेच मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणतो. आम्ही कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, या अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. आमच्या युवकाने एक वही करावी. एका आठवड्यात एकच सूचना पाळावी. रोज पन्नास फटक्यांपैकी किती सरळ गेले ते लिहावे. आठवड्याने आकडा वाढला तर सूचना ठेवावी, नाही तर ती कितीही मोठ्या खेळाडूची असली तरी सोडून द्यावी. जमाखर्चाच्या वहीला कोणाच्या प्रतिष्ठेशी देणेघेणे नसते. पापवांची पकड पुस्तकाप्रमाणे चूक होती आणि वहीप्रमाणे बरोबर. अर्थात म्हणून उद्यापासून सर्वांनी हात उलटे धरावेत असे नाही, तेही पडताळूनच.

सल्ल्याची दुसरी बाजू म्हणजे तो कोणाला मिळतो. येथे पळवणकर बाळू यांची आठवण होते. चर्मकार समाजातील हे थोर गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टी लाटण्याच्या, जाळी लावण्याच्या कामाला होते. पगार महिना चार रुपये. ग्रेग नावाचा साहेब त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी, आणि बाद केले की आठ आणे देई असे सांगतात. फलंदाजी करायला मात्र त्यांना तेथे कोणी दिली नाही, कारण फलंदाजी साहेबांची. म्हणजे साहेबाच्या सरावाचे साधन खुद्द बाळूच होते! यंत्र येण्यापूर्वी माणूस यंत्र होता. गोल्फमध्येही साहेब चेंडू मारीत सुटे आणि ते गोळा करायला समोर एक मुलगा उभा केलेला असे. बाळूंनी त्या राबण्यातूनच आपली कला कमावली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हेही आम्ही झाकून ठेवत नाही. राजकारण राजकारणाच्या जागी. ज्या हाताला कोणी शिकवले नाही तो हात किती शिकला, हे पाहायचे असेल तर बाळूंकडेच पाहावे लागते.

म्हणून आमचे सांगणे असे की या युवकाने शिकलेले एकट्याजवळ ठेवू नये. कॅडी लोक एकमेकांचे स्पर्धक असतात, कारण ज्याला चांगला साहेब मिळाला त्याला बक्षिसी चांगली. तरीही सुटीच्या दिवशी चौघांनी मिळून एक बारदाना झोडपावा, एकाने मारावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर बाजूने चित्रण करावे. स्वतःची कंबर स्वतःला दिसत नाही. आणि साहेबाची पिशवी वाहताना त्याचा चेंडू का वळला हे मनात ओळखून पाहावे. दिवसाला चार तास फुकटचा वर्ग चाललेला असतो.

मुलींविषयी दोन ओळी. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, अदिती अशोक ही बंगळुरूची मुलगी गोल्फमध्ये चौथी आली. पदक थोडक्यात हुकले. तिची पिशवी तिच्या आईने उचलली होती. मुलीची पिशवी आई स्वखुशीने उचलते तेव्हा त्या कामाचा रंगच बदलतो. गावातील क्रीडांगणावर मुलींना भालाफेक, गोळाफेक शिकवणारे शिक्षक आहेत, त्यांनी बारदान्याचा आणि रेतीतल्या रेघेचा उपयोग करून पाहायला हरकत नाही. कंबर आधी, हात नंतर, हा नियम तेथेही तोच.

शेवटी पोटाचे. कॅडीच्या कामाला बहुतेक ठिकाणी भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. पाठ दुखली की कमाई थांबली. खेळ शिकताना या युवकाने अर्धवट राहिलेली बारावी पूर्ण करावी, असे आम्ही त्याला स्वतंत्र पत्राने कळविले आहे. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया ही संस्था गोल्फ शिकवणाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. त्याची माहिती, पात्रतेच्या अटी आणि फी ही अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेकडूनच लेखी घ्यावी, मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. मैदानाची हिरवळ राखण्याचे काम हाही एक कसबी व्यवसाय आहे, आणि धानाच्या बांधीत पाणी तोलणाऱ्या आमच्या मुलांना माती व पाणी कळते. तेथील माळी विभागात कायम जागा निघतात काय, हेही विचारावे.

हवालदार साहेब दर रविवारी सकाळी वंदनेनंतर विहाराच्या मागील पटांगणात अर्धा तास थांबायला तयार आहेत. गोल्फच पाहिजे असे नाही. गोळाफेकीची मुलेही आली तरी चालतील, असा त्यांचा निरोप आहे. बारदाना आपला आपण आणावा. पोलीस भरतीच्या गोळाफेकीविषयी आलेल्या तीन पत्रांची उत्तरे पुढील अंकी.